दाराला अडण म्हणून लावलेला पॉवर सप्लाय

मित्रांनो, मी एक जुना पॉवर सप्लाय आहे आणि आज माझं डोकं इतकं तापलंय, की गोड गोड बोलणं मला जमायचं नाही. सात किलो वजन, पोटात तांबं आणि लोखंड, असा मी. तरी तीन महिने, वाऱ्याने दार मिटू नये म्हणून, मला या वर्कशॉपच्या दाराला अडण म्हणून लावून ठेवलं होतं.

इथे रुग्णवाहिकांच्या वायरलेस रेडिओंमध्ये नवीन चॅनेल भरतात. गाडीतला मोठा रेडिओ टेबलावर आणायचा, एका पेटीने कॉम्प्युटरला जोडायचा आणि रेडिओ व पेटी दोघांना एकसारखी वीज द्यायची. वीज मध्येच डळमळली, तर माहिती अर्धवट भरली जाते आणि रेडिओ मुका होतो. ती वीज मी द्यायचो. इथल्या कारागीर वहिनी रोज सकाळी मला मीटर लावून म्हणायच्या, "तेरा पॉइंट आठ व्होल्ट. शहाणा आहेस." बारा वर्षं मी त्या आकड्यावरून हललो नाही.

मग वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि वर्कशॉप त्यांच्या दिरांच्या, म्हणजे भावजींच्या हाती आलं. "हे धूड कशाला टेबलावर?" असं म्हणत त्यांनी मला खाली ओढलं. बंद पडलेल्या यंत्रांचे अॅडॅप्टर एका खोक्यात साठवायची इथे सवय आहे. भावजींनी त्यातला एकेक काढून पिन लावून पाहिली. जी बसली, ती शोभेच्या दिव्यांच्या अॅडॅप्टरची. त्याच्या पाठीवर एक अँपिअर असं छापलेलं होतं, म्हणजे मोठ्या रेडिओच्या भुकेपुढे चिमूटभर वीज. ते वाचायला कितीसा वेळ लागतो? पण पिन बसली की झालं, एवढंच भावजींचं शास्त्र.

हातातल्या छोट्या रेडिओंची कामं झाली, कारण त्यांना स्वतःची बॅटरी असते. भावजींची छाती फुगली. मी दारापाशी नुसता धुमसत होतो.

एका दुपारी दादांच्या रुग्णवाहिकेचा रेडिओ आला. दादा म्हणजे वहिनींचे यजमान, भावजींचे सख्खे मोठे भाऊ. रेडिओ आणि पेटी, दोघांचाही भार त्या चिमुकल्या अॅडॅप्टरवर पडला. निम्मी माहिती भरली आणि त्याने मान टाकली. रेडिओचा पडदा गोठला तो गोठलाच.

"पेटीच भिकार निघाली," भावजी म्हणाले. "दादा, आज मोबाइलवर भागव. उद्या बघू."

डोंगरातल्या रस्त्यावर मोबाइल लागत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी दादा डोंगरातून एका जखमीला आणत होते, तेव्हा पुढचा पूल बंद झाल्याचं नियंत्रण कक्ष ओरडून सांगत होता. दादांच्या गाडीत ते ऐकायला काहीच नव्हतं. ते पुलापर्यंत गेले, वळले, लांबून फिरून दवाखान्यात पोहोचले. गाडीत परांचीवरून पडलेला एक गवंडी होता. पाऊण तास आधी आणला असता तर पाय वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. त्याचा पाय कापला.

दुसऱ्या दिवशी वहिनी काठी टेकत आल्या. त्यांनी अॅडॅप्टरला मीटर लावलं, भार दिला आणि आकडा कोसळताना पाहिला. मग अॅडॅप्टर भावजींच्या हातात ठेवला.

"पाठीवर काय लिहिलंय, वाचा."

"एक अँपिअर," भावजी पुटपुटले.

"काल वाचायचं होतं, भावजी."

त्यांनी मला उचलायला सांगितलं. भावजींनी मला पोटाशी धरून टेबलावर ठेवलं. मग बाहीने माझ्यावरची धूळ पुसली. मला दया आली नाही, खोटं कशाला बोलू?

"आता दाराला काय लावू, वहिनी?"

"तोच लावा, तुमचा अॅडॅप्टर."

मित्रांनो, कुठल्याही यंत्राला वीज जोडण्याआधी दोन्हींच्या पाठीवरचे आकडे वाचा. एवढंच मागणं आहे, आणि ते मी रागानेच मागतोय.

भावजींनी खरंच अॅडॅप्टर दाराला लावला. वाऱ्याची एक झुळूक आली आणि दार त्याला ढकलत ढकलत बंद झालं. कोणी हसलं नाही. वहिनींनी मला मीटर लावलं. तेरा पॉइंट आठ. या वेळी त्यांनी आकडा मोठ्याने म्हटला नाही.