नंबर सांगून बोला

खोकी घेऊन तो माणूस कंट्रोल रूममध्ये शिरला आणि मला न विचारता माझा रेडिओ टेबलावरून उचलून जमिनीवर ठेवला, तिथूनच माझं डोकं तापायला लागलं. एकवीस वर्षं मी त्या रेडिओसमोर बसलेय. वीज दुरुस्तीच्या अकरा गाड्या, प्रत्येक गाडीत एक सेट, आणि अकराही गाड्यांचं बोलणं माझ्या कानात. कुठं तार तुटली, कोण खांबावर चढलंय, कोण उतरलंय, कुठली लाइन बंद ठेवायची, कुठली सोडायची, सगळं माझ्या हातून जातं. आणि हा माझा रेडिओ पायपुसण्याशेजारी ठेवतो.

"मॅडम, हा नवा कन्सोल," खोकेवाला म्हणाला. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर, खिशात चार स्क्रू ड्रायव्हर. "गाडीतल्या माणसानं बटण दाबलं की तो बोलायच्या आधीच पडद्यावर सेटचा नंबर, गाडी आणि नाव येणार. कोण बोलतंय ते ओळखत बसायला नको."

"मी बहिरी आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तसं नाही मॅडम, पण साहेब म्हणाले..."

"एकवीस वर्षांत मी कुणालाही 'कोण बोलतंय' म्हणून विचारलेलं नाही. साहेबांना विचारा."

हे खरं होतं आणि मला त्याचा माज होता. नियम खरं तर वेगळा होता. गाडीवाल्यानं आधी आपला नंबर सांगायचा, मग निरोप, आणि कंट्रोलनं तो नंबर आणि निरोप शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा. भिंतीवर तशी पाटीच होती, 'नंबर सांगून बोला'. मी आले आणि दोन वर्षांत ते मोडीत काढलं. कुणी "चार नंबर बोलतोय" म्हटलं की मी म्हणायचे, "नंबर कसला सांगतोस, तुझी शिंकसुद्धा ओळखते मी." सगळे हसायचे. हळूहळू सगळ्यांनी नंबर सांगणं सोडलं, मी परत म्हणणं सोडलं. मी "बरं" म्हटलं की झालं. पाटी कपाटामागं गेली.

"रेकॉर्डिंगही होतं बरं का," खोकेवाला वायर सोलता सोलता म्हणाला. "दिवस, वेळ, नाव. प्रत थेट मुख्य कचेरीत जाते."

"माझंही बोलणं?"

"तुमचंही."

"आणि पुसायचं असेल तर?"

"इथून नाही पुसता येत."

"म्हणजे शिव्या आता घरूनच घालून यायच्या," मी म्हटलं. तो हसलासुद्धा नाही. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते हे यंत्र.

पण माझा राग नुसता यंत्रावर नव्हता. ते कशामुळे आलं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांत जास्त मला. चौदा महिन्यांपूर्वी, सतरा तारखेला, सकाळी अकरा चाळीसला रेडिओवर आवाज आला, "काम झालं, लाइन सोडा." म्हणजे माणसं खाली उतरली, आता वीज सोडायला हरकत नाही. त्या दिवशी दोन लाइनींवर काम चालू होतं. एकीवर सहा नंबरची गाडी, तिच्यावर माझा दीर. दुसरीवर तीन नंबरची, तिच्यावर मुकादम. आवाज दिराचा होता. मी "बरं, सोडते" म्हटलं आणि उपकेंद्राला दिराच्या लाइनीत वीज सोडायला सांगितलं. खांबावर दिराच्या गाडीवरचा लाइनमन लंबू होता. तो वाचला, पण उजवा हात कोपरापासून गेला. आता तो गेटवर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं डाव्या हातानं लिहितो. मी रोज त्याच्यासमोरून आत येते.

चौकशीत दीर म्हणाला, "मी बोललोच नाही. माझा माणूस वर असताना मी 'लाइन सोडा' म्हणेन कसा?"

मला विचारलं, खात्री आहे का. मी म्हटलं, "घरातला आवाज आहे साहेब. चौदा वर्षं एका छताखाली राहिलोय आम्ही. तो नाही ओळखणार तर कुठला ओळखणार?" मुकादम मध्येच उठले होते. "त्याच सुमाराला मीपण..." एवढंच म्हणाले. मी त्यांना तिथंच तोडलं. "मुकादम, तुमचा आवाज मला कळत नाही का?" ते खाली बसले. मग पुढं काही बोलले नाहीत.

स्वतःच्या दिराविरुद्ध कोण खोटं बोलेल? सगळ्यांनी माझंच मानलं. साहेब चार लोकांत म्हणाले, बाईंनी घरचा-बाहेरचा असा भेद केला नाही. दिराची नोकरी गेली. तो बायकोमुलांना आणि सासूबाईंना घेऊन वेगळा झाला, आणि आता लोकांच्या घरात पंखे आणि दिवे बसवतो. मी फोन केला की त्याच्या मोबाइलवर 'वहिनी' असं नाव दिसतं आणि तो उचलत नाही. आमचे हे फक्त एकदाच म्हणाले, "आपलेच दात आणि आपलेच ओठ," आणि ताटावरून उठले. आणि माझा राग कुणावर? दिरावर. चूक कर, पण कबूल तरी कर. चौदा महिने मी हाच राग जपत बसले होते.

दुपारपर्यंत खोकेवाल्यानं पडदा बसवला, माइक बसवला, आणि एक वही घेऊन माझ्यासमोर आला. "मॅडम, तुमच्या ऑफिसची यादी सगळी चुकलीय. कुठला सेट कुठल्या गाडीत आहे याचा पत्ताच नाही. वर्कशॉपवाले वाटेल तेव्हा एका गाडीतला सेट काढून दुसरीत टाकतात आणि नुसतं आपल्या ह्या वहीत लिहून ठेवतात. मी प्रत्येक गाडीत जाऊन नंबर बघून आलोय. आता एकेका गाडीनं बोलायचं, म्हणजे नावं बरोबर येतात का ते कळेल."

"बोलू देत की. मी पडद्याकडे पाठ करून बसते. नावं मी सांगते, तुम्ही पडदा बघा. तुमचं यंत्र आधी सांगतं की मी, ते होऊन जाऊ दे."

खुर्ची वळवली आणि बसले. "कंट्रोल, आवाज येतोय?" चार नंबर, म्हटलं, ड्रायव्हरला सर्दी झालीय. "हॅलो हॅलो." नऊ, नेहमीसारखा खात खात बोलतोय. आठ, एक, अकरा, दहा, एकामागून एक. मी सांगत होते आणि खोकेवाला मागून "बरोबर, बरोबर" म्हणत होता. माझा जीव जरा थंड झाला. आता ह्याला खोकी उचलून चालता करावा, असं वाटायला लागलं होतं.

आणि आवाज आला, "कंट्रोल, सगळं साफ ऐकू येतंय का?"

जाडसर आवाज, जरा नाकातला, आणि प्रत्येक 'स'ला शीळ. मी त्याला कितीदा चिडवलं होतं, भावोजी, दातात फट पडली का?

डोकं सटकलं माझं. खुर्ची तशीच ठेवून माइक ओढला. "भावोजी, तुम्हाला गाडीत कुणी बसू दिलं? काय लाज आहे का नाही? एका माणसाचा हात घालवलात, अजून पोट भरलं नाही?"

अकरा गाड्या ऐकत होत्या.

मग तोच आवाज, तीच शीळ. "बाई, मी मुकादम बोलतोय."

मी वळले. पडद्यावर स्वच्छ अक्षरांत होतं: गाडी तीन, मुकादम.

अपघातानंतर मुकादम रेडिओवर बोलायचेच नाहीत, मोबाइलवरून फोन करायचे. म्हातारा माणूस, घाबरला असेल, असं मी धरून चालले होते. आज खोकेवाल्यानं सक्ती केली म्हणून चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी ते बटण दाबलं होतं.

"ह्या सेटचं काय आहे?" मी खोकेवाल्याला विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

"माइकची जाळी तडकलीय. वर चिकटपट्टी मारलीय. कुणीही बोलला तरी शिट्टी वाजणार. मी बदलून देतो."

"हा सेट तीन नंबरमध्ये कधीपासून?"

त्यानं वर्कशॉपची ती वही चाळली. बोट ठेवलं. सहा नंबरमधून काढला, तीन नंबरमध्ये टाकला. खाली तारीख होती चौदा महिन्यांपूर्वीची, सतरा, आणि वेळ सकाळची साडेआठ.

मी ती तारीख तीनदा वाचली. म्हणजे त्या दिवशी मुकादमांनी आपलं काम संपवलं आणि आपल्याच लाइनीसाठी सांगितलं, काम झालं, लाइन सोडा. मी माणूस ओळखलाच नव्हता. मी चिकटपट्टी ओळखली होती. घरी दीर समोर बसून बोलायचा, हसायचा, मुलांवर ओरडायचा, तेव्हा कधी एकदा तरी शीळ वाजली होती का? नव्हती. चौदा वर्षांत एकदाही नाही. आणि मी म्हणे घरातला आवाज ओळखते. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारी मी, आणि वर लोकांकडून शाबासकी घेणारीही मीच.

वही घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ऐकून घेतलं, तारीख पाहिली, वही मिटली आणि माझ्याकडे सरकवली.

"बाई, फाइल बंद झालीय. आता उकरून काय मिळणार? तुमचीच नोकरी जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"साहेब, त्याची गेली ना."

"तो बाहेर काहीतरी करतोय ना? पोट भरतंय ना त्याचं?"

मी वही उचलली आणि बाहेर पडले.

खाली येऊन खोकेवाल्याला म्हटलं, "तुमचा मोबाइल द्या जरा." त्यानं काही न विचारता दिला. नंबर मला पाठ होता. तिसऱ्या रिंगला उचलला. मागं भिंतीत ड्रिल चाललं होतं.

"हॅलो, कोण?"

"मी..." एवढंच म्हटलं.

ड्रिल थांबलं. "ओळखलं. 'मी' म्हणालात तेव्हाच ओळखलं. बोला."

मी सगळं सांगितलं. सेट, जाळी, चिकटपट्टी, तारीख. चूक माझी होती, असंही म्हटलं.

"वहिनी," तो म्हणाला, "मी बोललो नव्हतो हे मला माहीत आहे. ते तुम्ही मला काय सांगताय? आईला मी रोज सांगतो, लंबूला सांगायला गेलो तर त्यानं दार लावून घेतलं. जिथं माझं नाव घेतलंत ना, तिथं जाऊन सांगा." आणि फोन ठेवला.

मला त्याचा राग आला. खरं सांगते, आला. मग तो राग जिथं जायला हवा होता तिथं गेला.

खोकेवाल्याला विचारलं, "रेकॉर्डिंग चालू आहे?"

"दुपारपासून चालू आहे मॅडम."

कपाटामागं हात घालून पाटी काढली. धुळीनं हात काळा झाला. ती पडद्याला टेकवून ठेवली, बसले आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं, कंट्रोल. त्याच्याखाली माझं नाव.

"कंट्रोल बोलतेय. सगळ्या गाड्यांनी ऐका. चौदा महिन्यांपूर्वी सतरा तारखेला, अकरा चाळीसला मी 'बरं, सोडते' म्हणाले आणि चुकीच्या लाइनीत वीज सोडायला लावली. निरोप कुणाचा ते मी विचारलं नाही, आणि तो परत म्हणूनही दाखवला नाही. सहा नंबरवरचा माझा दीर त्या वेळी बोलला नव्हता. मी चौकशीत शपथेवर सांगितलं ते चूक होतं. त्याची नोकरी माझ्यामुळे गेली, आणि लंबूचा हातही माझ्यामुळे गेला."

बटण सोडलं. जिन्यावर साहेबांच्या बुटांचा आवाज यायला लागला, घाईघाईचा. गेटवरही रेडिओचा एक स्पीकर आहे, खिडकीतून दिसत होता. लंबू रजिस्टर सोडून त्या स्पीकरकडे तोंड करून उभा राहिला होता.

साहेब दारात पोचले. "बाई, बंद करा ते." खोकेवाला उठला आणि टेबल आणि साहेबांच्या मध्ये वायर गुंडाळत उभा राहिला.

पडदा उजळला. गाडी तीन, मुकादम. बटण दाबून ठेवलं होतं, पण माणूस बोलत नव्हता. मी वाट पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं नाव मी आधी घेतलं नाही.

"तीन नंबर बोलतोय," शीळ वाजली. "मुकादम. 'काम झालं, लाइन सोडा' हे त्या दिवशी मी बोललो होतो. मला तेव्हाच संशय आला होता. मी गप्प बसलो."

मी माइक जवळ घेतला.

"तीन नंबर," मी म्हटलं. "मुकादम. 'काम झालं, लाइन सोडा' हे त्या दिवशी तुम्ही बोलला होतात." साहेब काहीतरी ओरडत होते. मी थांबले नाही. त्यांचा निरोप शेवटच्या शब्दापर्यंत परत म्हणून दाखवला, त्या सकाळी दाखवायला हवा होता तसा.