दोन बोटं सैल

नवरा एखाद्या परक्या बाईच्या डोळ्यांचं नाहीतर केसांचं कौतुक करत बसला असता, तर टेलरबाईंनी ते चालवून घेतलं असतं. डोळ्या-केसांना उत्तर देता येतं. लग्नाला सत्तावीस वर्षं झालेल्या बाईकडे अशी शंभर उत्तरं तयार असतात. पण हा माणूस महिनाभर कौतुक करत होता ते एका बाईच्या बोटांचं. तेही त्या बोटांनी रबराचा एक झिजलेला बेल्ट चाचपून बघितला म्हणून.

"अगं, नुसतं बोट फिरवलं बाईंनी," तो सांगायचा, "आणि म्हणाल्या, गाडीचं इंजिन मूळचं नाही ना? गाडी उभी आपल्या अंगणात, बाई त्या टोकाला दुकानात! मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाल्या, बेल्ट एकाच कडेने झिजलाय, तुमचा कंप्रेसर एक सूत बाहेर आलाय."

"मग? आला होता का?"

"मोजला ना मी घरी येऊन. बरोब्बर एक सूत!"

हे 'बरोब्बर' तो असं म्हणायचा, जसं काही बाईंनी त्याच्या पोटातलं ओळखलं होतं.

सगळा गाव त्यांना टेलरबाईच म्हणत असे, आणि लाडात आला की नवराही. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, कापायचं टेबल आणि मापांच्या वह्या. दाराबाहेर नवऱ्याचा निळा ट्रक. ट्रक एका कंपनीचा, इंजिन भंगारात निघालेल्या एका बसचं, आणि आल्टरनेटर कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा. आठ वर्षांपूर्वी मूळचं इंजिन बसलं तेव्हा नवऱ्याने स्वतः वेल्डिंग करून ही सगळी सोयरीक जुळवली होती. गाडी धावत होती झकास. फक्त तिला काही लागलं की दुकानदार विचारायचे, "मॉडेल कुठलं?" आणि हा आठ वर्षांचा इतिहास सांगायला बसायचा. सगळ्यांनी त्याला हात जोडले होते. ऐकून घेणारी पहिली भेटली ती ही. भावाचं दुकान तिने नुकतंच चालवायला घेतलं होतं.

टेलरबाईंच्या पोटात दुखायला लागलं ते नेमकं इथे. त्यांचीही बोटंच होती की. कापड चिमटीत धरून त्या सांगायच्या, धुतल्यावर केवढं आटेल. समोरून चालत आलेल्या माणसाचा डावा खांदा अर्ध्या इंचाने खाली आहे, हे त्यांना टेपशिवाय दिसायचं. सत्तावीस वर्षांत नवऱ्याने यावर एकदाही 'बरोब्बर' म्हटलं नव्हतं. शर्ट अंगात घालायचा, म्हणायचा, "झाला." संपलं.

आणि गुरुवारी सकाळी गाडीचा मोठा बेल्ट तुटला.

मागे बदलला तो ब्रेकच्या कंप्रेसरचा छोटा. हा मोठा म्हणजे पाण्याचा पंप आणि आल्टरनेटर दोन्ही फिरवणारा. तो गेला की इंजिन तापणार, बॅटरी बसणार. तुटला तोही भर रस्त्यात, चिंध्या होऊन उडून गेला. दाखवायला तुकडासुद्धा उरला नाही. गाडी दोरीने ओढत घरी आणली. आणि शनिवारी सकाळी लेकीचं बिऱ्हाड हलवायचं होतं, दोनशे किलोमीटर. दुसरा ट्रक सांगू या, असं जावई दोनदा म्हणाले होते. दोन्ही वेळा नवऱ्याचा चेहरा असा पडला होता की तिसऱ्यांदा कुणी तो विषय काढला नाही.

"मी बाईंकडे जाऊन येतो," नवरा म्हणाला. आणि आरशासमोर उभा राहून त्याने केस विंचरले.

बेल्ट आणायला जाताना. केस.

टेलरबाईंनी पायाखालचं मशीन थांबवलं. "जाऊन काय दाखवणार त्यांना? बोट फिरवायला बेल्ट तरी आहे का आता?"

"तेही खरंच."

"माप घ्यावं लागेल. आणि या घरात मापाचं काम कोण करतं? मी जिथून दोरे-बटणं आणते ना, त्याच्या शेजारीच स्पेअर पार्टचं दुकान आहे. मी माप घेते, मीच आणते. तुम्ही तेवढी गाडी पुसा, लेकीच्या गाद्या जायच्यात तिच्यातून."

नवरा बघतच राहिला. सत्तावीस वर्षांत त्या कधी बॉनेटखाली डोकावल्या नव्हत्या. आता मात्र गळ्यात टेप घालून बंपरवर चढल्या. खालची मोठी पुली, वरची पंपाची, बाजूची आल्टरनेटरची. तिन्हींवरून त्यांनी टेप अशी फिरवली, की जणू एखादं लठ्ठ गिऱ्हाईक श्वास रोखून उभं आहे. आकडा वाचला. आणि हाताच्या सवयीने त्यात दोन बोटं मिळवली.

दोन बोटं सैल. कंबर असो, छाती असो, माणसाला बसता आलं पाहिजे, जेवता आलं पाहिजे. नुसत्या मापाचा कपडा पहिल्याच दिवशी उसवतो. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. चाळीसेक कपडे बिघडवून त्या स्वतःच शिकल्या होत्या, म्हणून ते इतकं अंगात मुरलं होतं, की दोन बोटं मिळवली हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी बेल्ट आला. शुक्रवारी सकाळी नवऱ्याने तो चढवला, आल्टरनेटर बाहेर ओढला, आणखी ओढला, खाचेच्या टोकाला नेऊन नट आवळला. बेल्ट तरीही ढिला तो ढिलाच, नाडी तुटलेल्या पायजम्यासारखा. गाडी सुरू केली तर असा किंचाळला की शेजारीण धावत आली. आणि दुसऱ्या मिनिटाला पुलीवरून उडून गाडीखाली पडला.

"दुकानदाराने चुकीचा दिला गं," नवरा म्हणाला.

टेलरबाईंना तेवढ्यात सगळं कळलं होतं. बोटं आपोआप मागे लपली. "हो ना," त्या म्हणाल्या. "धड एक माप देता येत नाही लोकांना."

"आता बाईंकडेच गेलं पाहिजे." नवऱ्याच्या आवाजात दुःख कमी होतं. तो कंगवा शोधायला लागला.

"मी जाते."

"तू?"

"तुम्ही तो नट सैल करून ठेवा. मी सुतळीने माप घेते आणि जाते. टेप वरच्यावर सरकते, सुतळी पुलीच्या खाचेत बसते." हे त्यांना तिथेच सुचलं होतं. पण म्हणाल्या अशा, जसं काही पहिल्यापासून माहीत होतं.

बसमध्ये त्यांनी चुकीचा बेल्ट आणि सुतळी मांडीवर ठेवली आणि मनात त्या बाईचे चार-पाच चेहरे करून बघितले. एक फार रंगवलेला, एक फार हसरा. सगळ्यात त्रास झाला तो चष्म्यावरून बघणाऱ्या शांत चेहऱ्याचा.

दुकानात शिरल्या तर तोच चेहरा. गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा, पांढऱ्या केसांची एक बट, ताठ मान. वर ती देखणी होती. नवऱ्याने हे सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतं हे जास्त वाईट. मागे भिंतभर खिळ्यांना बेल्ट टांगलेले, लहान ते मोठे, ओळीने. टेलरबाईंना त्यांची स्वतःची दोऱ्यांची फळी आठवली, आणि तेही आवडलं नाही.

"निळा ट्रक," त्या म्हणाल्या. काउंटरवर दोन्ही वस्तू ठेवल्या. "आमचे हे मागच्या महिन्यात येऊन गेले."

"कोण?"

"निळा ट्रक हो. माझे मिस्टर. उंच आहेत, कानाजवळ पिकलेत. बोलतात जरा जास्त."

बेल्टवालीने आठवून बघितलं. खरंच बघितलं, डोळे बारीक करून. "नाही हो लक्षात येत."

"अहो, पाऊण तास बोलला होतात तुम्ही त्यांच्याशी!"

"रोज पन्नास माणसं येतात, ताई. सगळीच बोलतात. मी हं हं करते आणि बेल्ट शोधते."

आता टेलरबाईंना खुश व्हायला काय हरकत होती? महिनाभर हेच तर हवं होतं. पण झोंबलं. त्यांचा माणूस महिनाभर हिचं नाव घेतोय, बेल्ट आणायला निघाला की केस विंचरतोय, आणि हिला तो आठवतसुद्धा नाही? समजते कोण स्वतःला?

"भुरा शर्ट होता," त्या हट्टाने म्हणाल्या. "दुहेरी शिवणीची कॉलर. मी शिवलेली. असा शर्ट विसरत नाही कुणी."

"गाडीचं सांगा ना काहीतरी."

"ट्रकला बसचं इंजिन बसवलंय..."

"हां! कंप्रेसर एक सूत बाहेर!" तिचा चेहरा उजळला. "तो ट्रक! नीट केला का कंप्रेसर?"

"नाही अजून."

"बघा, करायला सांगा. मला माणसं नाही लक्षात राहत, पुल्या राहतात." तिने सुतळी उचलली, गाठ बघितली, टेपला लावली. मग चुकीच्या बेल्टवरचा नंबर वाचला. दोन्हींकडे आळीपाळीने बघितलं आणि हसली. "शिवणकाम करता का तुम्ही?"

टेलरबाईंचे कान तापले. "कशावरून?"

"टेप पुल्यांवरून घेतलीत, तिथेच जरा लांब झालं. वर बरोब्बर दोन बोटं जास्त. माझी आई मला फ्रॉक शिवायची, त्यात अशीच दोन बोटं असायची." तिने भिंतीवरून एक बेल्ट काढला, सुतळीशी धरला, परत टांगला. त्याच्या शेजारचा काढला. "बेल्टला जेवायचं नसतं, ताई. त्याला माप तेवढं. सैल-घट्ट करायला आल्टरनेटर सरकतोच की. बसवलात की अंगठ्याने दाबा, बोटभर दबला की झालं. त्याहून जास्त दबला तर आवळा."

तिने 'बरोब्बर' म्हटलं होतं. टेलरबाईंच्या बोटांना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी म्हटलं, आणि म्हटलं तेही हिने! परतीच्या बसमध्ये या गोष्टीचं काय करावं ते त्यांना कळेना.

घरी नवऱ्याचे दोन पाय ट्रकखालून बाहेर आलेले. चाहूल लागताच बाकीचाही आला. कपाळाला ग्रीस, हातात पाना. केस मात्र विंचरलेले.

"मिळाला?"

"मिळाला."

"काय म्हणाल्या बाई?"

त्यांना तुम्ही आठवतसुद्धा नाही. एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तोंडात आयतं तयार होतं, महिनाभराच्या जळफळाटाचं रोख उत्तर. टेलरबाईंनी त्याच्याकडे बघितलं. तो ग्रीसचे हात पुढे करून असा उभा होता, जसा लेकीचा निकाल लागायच्या दिवशी उभा राहिला होता.

"तुमची चौकशी करत होत्या," त्या म्हणाल्या.

"खरंच?"

"म्हणाल्या, ते आले नाहीत का? तब्येत बरी आहे ना?"

चेहरा असा फुलला त्याचा, की टेलरबाईंनी तिथल्या तिथे जीभ चावली. इतक्या वर्षांत असा फुललेला चेहरा त्यांनी स्वतः किती वेळा मिळवला होता? आणि आज फुकट देऊन बसल्या, जिला नकोही होता तिला.

बेल्ट चढला. टेलरबाईंनी स्वतः अंगठा दाबून बघितला. बोटभर. गाडी सुरू झाली, आणि किंचाळणं नाही, फडफड नाही, नुसती इंजिनाची घुरघूर. नवरा बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

"बरोब्बर!" तो म्हणाला.

"कोण? मी का त्या?"

"अगं, बेल्ट!"

आत जाऊन टेलरबाईंनी मापांची वही काढली. नवऱ्याच्या पानावर, छाती-कंबर-बाहीच्या खाली, बेल्टचा नंबर लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. "आता नंबर आहे घरात," त्यांनी दारातून ऐकवलं. "पुन्हा कुणाला बोटं फिरवायची गरज नाही."

"नंबर असला तरी बेल्ट दुकानातच मिळतो ना गं?" बाहेरून आवाज आला. मग जरा वेळाने, पाना खाली ठेवून, लाजतच: "तब्येतीचं काय म्हणाल्या म्हणालीस त्या?"

टेलरबाईंनी मशीन जोरात चालवायला घेतलं. "एकदा सांगितलं ना! आधी कंप्रेसर नीट करा म्हणाल्या," त्या ओरडल्या. निदान हे तरी खरं होतं.