धाकट्या कुरणवाडीचा पट

राष्ट्राचं भवितव्य शाळेच्या चार भिंतींत घडतं. हे वाक्य मी मास्तरकीच्या उभ्या आयुष्यात इतक्या व्यासपीठांवरून ठोकलंय, की ते मुळात कुणाचं हे आता माझं मलाही आठवत नाही. धाकट्या कुरणवाडीत त्या सकाळी राष्ट्राचं भवितव्य एकूण तेरा जणांचं होतं, आणि त्यातली दोघं गालगुंड होऊन घरी झोपली होती.

ही वाडी नेसरीच्या बाजूला, ओढ्याच्या पलीकडं. ओढ्याच्या अलीकडं थोरली कुरणवाडी. दोन्ही वाड्यांत पाटलांचीच घरं, भाऊबंदच सगळे, त्यामुळं एकमेकांशी बोलणं कमी. थोरलीची शाळा मोठी, धाकटीची दोन खोल्यांची. धाकटीतली कर्ती माणसं कागलला कारखान्यांत कामाला गेली, बायकापोरांना घेऊन गेली. ज्यांना जाणं जमलं नाही त्यांनी पोरं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या व्हॅनमध्ये बसवली. उरली ती तेरा. पट इतका खाली आला की शाळा शेजारच्या शाळेत मिसळून टाकायची, असं वरून ठरलं होतं. शेजारची म्हणजे थोरलीची. मधे ओढा. पावसाळ्यात त्या ओढ्याला पाणी आलं की म्हशीसुद्धा अलीकडं थांबून विचार करतात.

या सगळ्या भागाच्या केंद्रप्रमुख होत्या राजमती मगदूम. दोन्ही कुरणवाड्या धरून आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या दहा-बारा शाळा त्यांच्याकडं. पूर्वी आम्ही एका शाळेत शिकवायला होतो. केंद्रप्रमुख झालेला माणूस बहुधा माहिती गोळा करतो आणि वर पाठवतो. वरून ती परत येते, मग पुन्हा गोळा करतो. राजमतीबाई मात्र स्कूटीवरून शाळाशाळा हिंडायच्या. त्यांनी एकच गोष्ट धरली होती. आपली पोरं हुशार हायत, पण पाहुणा आला की बाकाखाली बघतात, एवढं मोडायचं. म्हणून त्यांच्या केंद्रात रीत पडली. कोणीही पाहुणा वर्गात आला की एका पोरानं आपणहून उभं राहायचं, नाव, इयत्ता, शाळा खणखणीत सांगायची आणि पाहुण्याला एक प्रश्न विचारायचा. पाहुण्यानं उत्तर द्यायचं. एका पुढाऱ्याला पोरीनं विचारलं, तुम्ही दिवसभर काय काम करता? ते बराच वेळ आठवत होते.

दोन वर्षांत त्या भागातली पोरं अशी बोलायला लागली की गडहिंग्लजवरून माणसं बघायला यायची. बाईंना या एवढ्याच गोष्टीचा अभिमान होता. त्यांना मूलबाळ नाही, आणि त्या केंद्रातल्या प्रत्येक पोराचं नाव त्यांना पाठ होतं, हे मी आधीच सांगून ठेवतो.

शाळा मिसळायच्या आधी शिक्षण खात्याचे साहेब शेवटचा पट तपासायला येणार असं कळल्यावर बाईंनी मला घरी, मंगळवार पेठेत फोन केला. म्हणाल्या, सर, तुम्ही या, दोन शब्द चांगले बोला, साहेबांचं मन जरा मऊ करा. निवृत्त मास्तर हा सहज मिळणारा प्रमुख पाहुणा असतो. मी गेलो.

तिथं गेल्यावर कळलं, की मन मऊ करायचं काम माझ्याआधीच एकानं हातात घेतलंय. शाळा समितीचे अध्यक्ष गणपतराव. त्यांचा सरळ विचार असा : साहेब येणार, डोकी मोजणार, जाणार. डोकी कमी हायत, तर डोकी आणायची. लग्नात नाही का आपण शेजारची भांडी आणत. त्यासाठी ते आयुष्यात पहिल्यांदा थोरलीत हात जोडून गेले. थोरलीनं हे ऐकून आधी भरपूर हसून घेतलं, मग पोरं दिली. जिल्हा परिषदेच्या शाळांचा गणवेश एकच असतो, हे गणपतरावांच्या दृष्टीनं देवानंच जुळवून आणलं होतं. सकाळी उसाच्या ट्रॉलीतनं पोरं आली, आपली आपली बाकं धरून बसली. स्वयंपाकघरात धोंडुबाई मसालेभात हलवत होती. बोलायचं काही नाही, गप बसायचं, मग जिलेबी, एवढंच पोरांना सांगितलेलं.

“आणि मॅडमना?” मी विचारलं.

“मॅडमना कशाला सांगताय?” गणपतराव म्हणाले. “त्या लबाड बोलत न्हाईत. त्यांना ठाऊकच नसलं म्हंजे त्यांचंबी खरं आणि आमचंबी खरं.”

यात चूक काढायला मला जागा सापडली नाही.

बाई साहेबांना घेऊन वर्गात आल्या. दारातच त्यांचा पाय थबकला. भरलेला वर्ग त्यांनी एका नजरेत बघितला आणि थोरलीची पोरं त्यांनी ओळखली, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. खिडकीतनं ओढा दिसतो, तिकडं बघत उभ्या राहिल्या. पहिलीच्या दोन पोरी मागच्या पावसाळ्यात दप्तर घेऊन त्याच ओढ्यापर्यंत जाऊन परत आल्या होत्या, शाळा मिसळायची चर्चा तेव्हा पहिल्यांदा सुरू झाली म्हणून बापानं चालवून बघितलं होतं. हे बाईंनीच मला सांगितलेलं. मला वाटतं, गप्पच राहायचं असं त्यांनी ठरवलं होतं.

साहेबांनी मोजलं. पट पुरेसा भरला. साहेबांचा चेहराही सैल झाला. शाळा बंद करायची हौस कुणाला असते. खुशीतच ते म्हणाले, मॅडम, तुमची पोरं पाहुण्यांशी बोलतात म्हणे. आमच्याशी कोण बोलणार?

गणपतरावांनी धाकटीच्या एका पोराला डोळ्यानं खूण केली. पण दोन वर्षांची सवय खुणेसाठी थांबत नाही. तिसऱ्या बाकावरची एक बारकी पोरगी ताडकन उठली. तेल लावून चापून बसवलेल्या दोन वेण्या, हात बाजूला ताठ.

“माझे नाव प्रियदर्शनी धैर्यशील पाटील. इयत्ता तिसरी. माझी शाळा, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, थोरली कुरणवाडी. साहेब, माझा एक प्रश्न आहे. आम्ही परत कधी जायचं?”

बाहेर धोंडुबाईच्या झाऱ्याचा आवाज तेवढा येत होता.

साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर आम्हाला चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. ते हळूच म्हणाले, “मॅडम, ही मुलगी या शाळेची आहे ना?”

म्हणजे त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. नवा प्रवेश आहे, अजून सवय झाली नाही, एवढं वाक्य पुरलं असतं. माझ्या जिभेवर ते तयारही होतं. पण प्रियदर्शनी बाईंकडं बघत होती. सगळं बरोबर म्हटल्यावर बाई मान हलवतात, त्या मानेची वाट बघत होती.

बाईंनी मान हलवली. “बरोबर सांगितलं तिनं,” त्या म्हणाल्या. “ती थोरलीची.”

“आणि बाकीची?”

मग राजमतीबाई बाकांमधून चालत गेल्या. थोरलीच्या प्रत्येक पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि नाव सांगितलं. यशराज. संयोगिता. अमरसिंह. एकही चुकलं नाही. मोजून झाल्यावर धाकटीची अकरा पोरं तेवढी हाताशिवाय राहिली.

माझ्या दोन शब्दांची वेळच आली नाही. साहेबांनी मसालेभात खाल्ला, जिलेबीला नको म्हणाले आणि खरं ते लिहून घेऊन गेले. गणपतरावांनी बाईंना एका अक्षरानं बोल लावला नाही. ट्रॉलीत पोरं चढवताना ते मला एवढंच म्हणाले, “सर, आमचं सगळं पक्कं होतं. पोरीला एवढं चांगलं शिकवायला नको होतं.”

जूनमध्ये धाकटीची शाळा मिसळली. मोठी पोरं ओढा ओलांडून थोरलीला जायला लागली. ओढ्यावरनं परत आलेल्या त्या दोघी बारक्या पहिल्या जोराच्या पावसापासून घरीच. बाईंनी पोरांसाठी गाडी मागून बघितली, ओढ्यावर साकव मागून बघितला. माहिती पाठवा, असं उत्तर आलं. त्यांनी पाठवली.

खरं तर गोष्ट इथं संपायला हवी होती. पण धाकटीची पोरं थोरलीच्या वर्गात प्रियदर्शनीच्या शेजारीच येऊन बसली. त्यांनी तिचं नाव ‘साहेब’ ठेवलं. धाकटीच्या बायका बाजारला जाताना तिच्या दारावरनं मोठ्यानं बोलत जायच्या, हीच ती शाळा बुडवणारी. आणि थोरलीच्या लोकांनी, ज्यांनी पोरं दिली होती त्यांनीच, घरात तिला विचारलं, तुला गप बस म्हटल्यालं कळत न्हवतं व्हय? पोरगी बोलायची थांबली. वर्गात हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची.

बाईंना हे कळल्यावर त्यांचं जेवणावरनं लक्ष उडालं, असं त्यांच्या यजमानांनी मला फोनवर सांगितलं. ऑगस्टात त्या मला घेऊन थोरलीला गेल्या. म्हणाल्या, तुम्ही पोरांना हसवता, सर. मी हसवायचा प्रयत्न केला. पोरं हसलीही. प्रियदर्शनी वहीच्या पुठ्ठ्यावर नख ओढत होती.

शेवटी बाईंनी तिला नावानं हाक मारली. ती उठून उभी राहिली, हात बाजूला ताठ.

बाई तिच्यासमोर खाली बसल्या, फरशीवर, साडी चिखलानं भरलेली तशीच. सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, पोरी, तुझं काही चुकलं न्हाय. चुकलं ते आम्हा मोठ्यांचं. खरं बोलायला मीच तुला शिकवलं, आणि तू एकटीनं ते मनावर घेतलंस. शाळा गेली त्याचं मला रोज वाईट वाटतं, पण त्या दिवशी तू उठून उभी राहिलीस याचं कधी वाटणार न्हाय. कुणी काही म्हणू दे. तू बोल. काहीही विचार मला, मी उत्तर देते.

धाकटीची पोरं खाली बघत होती. वर्गशिक्षक खिडकीकडं वळले होते, आणि मी चष्मा पुसत होतो. आता पोरगी काय म्हणते, याच्यावर आमचं सगळ्यांचं सगळं येऊन ठेपलं होतं.

प्रियदर्शनीनं आधी बाईंकडं बघितलं, मग वर्गाकडं. ओठ हलले. इतक्या दिवसांनी आवाज आला, तो अगदी बारीक.

“बाई,” ती म्हणाली, “मी आता खाली बसू?”