ओठ ताणून

“ताई, छान झालं, पण ‘सोड’ फार टोचतंय,” दिग्दर्शक काचेपलीकडून म्हणाला. “जरा लाडात घ्या. तिला तो आवडतोय हो.”

पडद्यावरची नटी नायकाच्या मुठीतून मनगट सोडवत होती. तिला आवाज द्यायला आलेल्या बाईंनी हेडफोन नीट बसवला आणि चित्रीकरणाच्या वेळचा मूळ आवाज पुन्हा लावायला सांगितला. नटीचे ‘सोड’ खरे होते. मागून ‘कट’ ऐकू आले, तरी तिचे ‘सोड ना, कट झालंय’ चालूच होते आणि नायक हसत होता. नेमका तोच तुकडा सिनेमात घेतला होता, कारण म्हणे भाव फार नैसर्गिक आले होते. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड.

बाईंना किळस आली. बाहेरच्या भिंतीवर याच सिनेमाचे पोस्टर होते, ‘तिच्या सामर्थ्याची गाथा’. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे. पण त्याहून जास्त किळस त्यांना स्वतःच्या गळ्याची आली. किती नायिकांचा नकार त्यांनी असा गोड करून दिला होता. युक्तीही त्यांचीच होती. ओठ ताणून बोलायचे, म्हणजे न हसताही आवाजात हसू उतरते.

“ती घाबरलीये,” बाई म्हणाल्या. “तिचाच आवाज ठेवा. मी हे हसून म्हणणार नाही.”

दिग्दर्शक चिडलासुद्धा नाही. ताईंनी उगाच दमू नये, त्यांच्या भाचीला आपण बोलावून ठेवलेच आहे, असे त्याने तोंडात साखर घोळवत सांगितले.

भाची बाहेर बाकावर बसली होती. हे तिचे पहिलेच मोठे काम; आवाज द्यायला तिला बाईंनीच शिकवले होते. बाईंनी तिला सगळे सांगितले, आत गेल्यावर मूळ आवाज आधी ऐक म्हणाल्या.

“पण मावशी, तू इतकी वर्षं हेच केलंस ना?” भाचीने विचारले. त्यात टोमणा नव्हता, ती खरेच विचारत होती.

भाची आत गेली आणि दारावरचा लाल दिवा लागला. बाईंचा पाय तिथून निघेना. थोड्याच वेळात दिवा विझला आणि दार उघडले.

“ऐकला मी तिचा आवाज,” भाची म्हणाली. “एका टेकमध्ये झालं.”

तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ओठ अजून ताणलेलेच होते. बाईंनी पिशवीतली पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. तिने ती तोंडाला लावली, पण ओठ मिटेनात. पाणी हनुवटीवरून ओघळत राहिले.