नुसता उजेड पडला असता

तारांगणातल्या ताईंची नोकरी टांगणीला लागली होती. नवे संचालक सराव ऐकून म्हणाले, "ताई, तासभर बोललात, पण उजेड काय पडला? उद्या मुलांनी जांभया दिल्या, तर परवापासून ध्वनिमुद्रण लावू." पोरांना तारे दाखवता दाखवता जिचे केस पिकले, तिने हे ऐकून घ्यायचं! ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण खेळाचा विषयच मुलखाचा अवघड. विश्व जन्मलं तेव्हा द्रव्य आणि प्रतिद्रव्य जोडीजोडीने आलं. दोघांचं जन्मजात वाकडं. समोरासमोर आली की दोघंही खलास, मागे नुसता प्रकाश. सगळं बरोबरीचं असतं तर नुसता उजेडच पडला असता. ना तारे, ना आपण. पण अब्जावधी जोड्या संपल्या तेव्हा अब्जात एखादा कण द्रव्याचा उरला, आणि त्या उरल्यासुरल्यातून हे सगळं झालं. संचालकांसकट.

हे मुलांच्या गळी कसं उतरवायचं, हा घोर घेऊन ताई घरी आल्या, तर घरात नेहमीचं युद्ध. ताईंची आई आणि सासूबाई, दोघी विहिणी एकाच खोलीत राहायच्या. खोलीत एक लाकडी कपाट. सकाळी सासूबाई ते खिडकीपासून दूर ढकलायच्या. "माझ्या खुर्चीवरचा उजेड अडतो!" दुपारी आई ते परत खिडकीकडे ढकलायची. "माझ्या पलंगाला खेटतं!" कुणी कुणाला हार जाईना.

"रोज जेवढं जातं तेवढंच परत येतं. एवढ्या आरडाओरड्यातून निघालं काय? शून्य!" ताई करवादल्या, आणि त्यांची नजर फरशीवरच्या ओरखड्यांवर गेली. कपाट वर्षभरात चांगलं वीतभर पलंगाकडे सरकलं होतं. आईला आता तिरकं होऊन उतरावं लागत होतं.

"अगं बाई!" ताईंनी टाळीच वाजवली. हिचं डोकं फिरलं, यावर मात्र दोघी विहिणींचं तत्काळ एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी त्या दोघीही खेळाला आल्या. एकीला नेऊन दुसरीला घरी ठेवणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. ताईंनी दिवे मालवले, हातातला कागद बाजूला ठेवला आणि सरळ कपाटाचीच गोष्ट सांगायला घेतली. पोरं खिदळायला लागली. जांभई औषधाला नव्हती.

पण पुढच्या रांगेतली एक चिमुरडी उठली. "दोघी सारख्याच भांडकुदळ ना? मग कपाट सरकलं कसं? कमी कोण ढकलतं?"

ताई अडखळल्या. "ते... मलाही माहीत नाही."

मागे संचालकांनी घसा खाकरला.

"मी," अंधारातून आवाज आला. आईचा. "खुर्चीवर ऊन आलं की विहीणबाईंचे गुडघे जरा बरे असतात. म्हणून रोज केसभर कमी ढकलते. सांगितलं असतं तर डोक्यावर बसल्या असत्या."

सासूबाईंनी अंधारात चाचपून विहिणीचा हात धरला.

चिमुरडी काही हटेना. "आणि विश्वात? तिथे कुणी कमी ढकललं?"

ताई हसल्या. "शास्त्रज्ञ शोधतायत, बाळा. तिथे अजून कुणी कबूल केलेलं नाही."

सगळ्यात मोठ्याने हसले ते संचालक. दिवे लागल्यावर ते डोळे पुसत पुढे आले. "ध्वनिमुद्रण राहू द्या, ताई. आणि उद्याच्या खेळालाही या दोघींना घेऊन या."

"मी येईन," आई म्हणाली.

"मी नाही येणार," सासूबाई फणकारल्या. विहिणीचा हात मात्र त्यांनी अजून सोडला नव्हता.