दुरुस्त केलेली आई

“कसली गुळगुळीत बाई आणून बसवलीय! बंद करा तिला आधी.”

न्हाणीघरातल्या स्टुलावर, अंगातला सदरा दोन्ही मुठींनी घट्ट धरून सासरे पुटपुटले. बादलीतलं पाणी निवत चाललं होतं. सुनेने तांब्या खाली ठेवला आणि खिडकीतल्या चिमुकल्या स्पीकरकडे पाहिलं. त्यातून गात होत्या तिच्या सासूबाईच. आणि त्यांच्याशी जन्मभर संसार केलेला माणूस त्यांना ओळखत नव्हता.

विस्मरणाचा आजार आधीपासून होताच. सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांनी अंघोळीशी उभा दावा मांडला. अंगाला कुणाला हात लावू देईनात. पाठीवरचे चट्टे चिघळायला लागले, तशी घरी येणारी नर्स म्हणाली, “असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल हं. त्यांच्या ओळखीचं गाणं लावून बघा. नावं विसरलेली माणसंसुद्धा गाण्यापाशी शांत होतात पुष्कळदा.”

ओळखीचं गाणं म्हणजे सासूबाईंचंच. नवरा अंघोळीला बसला की त्या दाराबाहेर कपड्यांच्या घड्या घालत गायच्या. सुनेने एकदा गंमत म्हणून ते फोनवर टिपून ठेवलं होतं. ते तिच्या नवऱ्याच्या हाती पडलं आणि त्याने सुट्टीचा अख्खा दिवस संगणकापुढे बसून आईला धुऊन-पुसून लख्ख केलं. खरखर काढली, खोकला काढला, आणि घसरलेला एकेक सूर उचलून जागेवर बसवला.

घोडं पेंड खात होतं ते इथेच. सासऱ्यांनी हयातभर लोकांचे पियानो सुरात लावले, आणि लग्न केलं ते सुराशी कायमचं वाकडं असलेल्या बाईशी. “वरच्या सुराला जायचं म्हणून ही जिना चढते आणि मधल्याच पायरीवर बसते,” ते आतून ओरडायचे. “बसते तर बसते. तुम्ही या की न्यायला!” त्या बाहेरून. मग तो वरचा सूर सासरे साबणाच्या फेसातून लावायचे.

“अहो,” सुनेने दाराशी घुटमळणाऱ्या नवऱ्याला विचारलं, “मूळचं गाणं तुम्ही एकदा तरी ऐकलंत का?”

“म्हणजे काय? मीच साफ केलंय ना.”

“कानांनी ऐकलंत का?”

तो टॉवेलची घडी मोडून पुन्हा घालू लागला. “पडद्यावर रेषा दिसतात आवाजाच्या. आवाज बंद ठेवूनही करता येतं ते.”

हात पुसून तिने आपल्या फोनवरचं जुनं रेकॉर्डिंग लावलं.

आधी खोकला. मग चादर झटकल्याचा फटकारा. “अहो, पाठ नीट घासा!” आणि मग गाणं, चढत, धापा टाकत, आणि नेमकं मधल्या पायरीवर फतकल मारून बसलेलं.

सासऱ्यांची मान वर झाली. “बसली बघ!” ते खुदकन हसले आणि राहिलेला सूर त्यांनी स्वतः लावला. आवाज थरथरला, सूर नाही. लावता लावता सदऱ्याची बटणं आपली आपणच सोडली. सुनेने गरम पाण्याची भर घालून पाठीवर हलकेच धार धरली. चट्ट्यांवरून हात फिरला तरी तक्रार नाही. ते गुणगुणतच होते.

रेकॉर्डिंग संपलं. नळ तेवढा ठिबकत राहिला.

“का गं, थांबली का ती? कुठे गेली?”

“बाजारात,” सुनेच्या तोंडून सवयीने निघालं. हे उत्तर तिच्या नवऱ्यानेच पहिल्यांदा दिलं होतं. मग घरात सगळ्यांनीच ते उचललं.

“केव्हापासून बाजारातच आहे!” सासऱ्यांनी ओली मान दाराकडे वळवली. “आणतेय तरी काय एवढं? बाजार उचलून आणतेय की काय?”

सुनेला हसू फुटलं आणि लगेच विरलं. कारण नवरा ऑफिसच्या पँटसकट ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसला होता. वडिलांच्या खांद्यांभोवती टॉवेल गुंडाळून त्याने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

“बाबा,” तो म्हणाला, “आई बाजारात नाही गेली. आई वारली.”