जाड पापड

चौथ्या केमोनंतर सगुणाच्या बोटांना मुंग्या आल्या, त्या गेल्याच नाहीत. गडब गावात घरी बसून वीस वर्षं ती पेणच्या दुकानांना पोह्याचे पापड पुरवत होती. आता लाटणं हातात धरलंय की नाही, हे तिला बघूनच कळायचं. पापड एका बाजूला जाड, दुसरीकडे फाटलेला.

थोरली नणंद पुतळी रोह्याहून मदतीला आली होती. स्वयंपाक, धुणी सगळं करायची; पण तोंडाला विसावा नव्हता. "गाठ लवकर सापडली. कमळाकरसारखा नवरा शिफ्ट बुडवून डोसाला नेतो. देवाचे उपकार मान गो." दिवसातून चार वेळा हेच.

त्या सकाळी ओळीने सहावा पापड फाटला आणि पुतळीने पुन्हा सुरू केलं. सगुणाने लाटणं खाली टाकलं.

"वन्सं, केस गेले, जेवणाला चव नाय, आता हातपण गेला. कसले उपकार मानू ते तरी सांगा. तुमच्यावर आलं असतं तर मानले असते?"

पुतळी उठली. सगुणाला वाटलं, आता ह्या पिशवी भरून रोह्याची एसटी धरणार. धरू देत.

पुतळीने हात धुतले, पोळपाट स्वतःकडे ओढला. तिला पापड कधीच जमले नव्हते.

"असा नाय. कडेकडेनं लाटा."

"बरं."

"ही काय भाकरी हाय?"

पुतळीने समजूत काढली नाही. चुकलेला पापड मोडून ती पुन्हा लाटी करत राहिली. दुपारपर्यंत चटईवर तीसेक पापड पडले. निम्मे दुकानात देण्याजोगे नव्हते.

पुतळी मनगट चोळत होती. वयानं मोठ्या बाईला आपण सकाळपासून बोलतोय आणि ती ऐकून घेतेय, हे सगुणाच्या ध्यानात आलं. इतके महिने जो तो तिला गप्प करायलाच यायचा. चिडू कुणी दिलं नव्हतं.

"वन्सं, सोमवारी डोस हाय. या खेपेला तुम्ही चला. पण उपकाराचं काढायचं नाय."

"नाय काढत."

सोमवारी दोघी हायवेवर उभ्या राहिल्या. एसटी अर्धा तास उशिरा आली. सगुणा गाडीवरही चिडली.

"व्हय," पुतळी म्हणाली, "ह्यांचं रोजचंच हाय." आणि तिने सगुणाला खिडकीची जागा दिली.